जुन्या सेमी-ऑटो शिकारी रायफली: रेमिंग्टन ७४२ वाटेतच का अडते, आणि कुठे इलाज संपतो

पाना_पकड

हरणाचा हंगाम तोंडावर आला की अमेरिकेतल्या मंडळींकडून तोच प्रश्न नव्याने येतो. "जुनी रेमिंग्टन ७४२ स्वस्तात मिळते आहे, घ्यावी का?" नाहीतर "घेतली, आता अडकते, काय करू?" उत्तरं दरवेळी इकडेतिकडे विखुरतात, म्हणून हा एकच धागा. ७४२ वूड्समास्टर (सेमी-ऑटो, म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) मुख्य, कारण तीच सगळ्यात जास्त हाती लागते. १९६० ते १९८० अशी वीस वर्षं ती बनत होती आणि दहा लाखांहून जास्त निघाल्या. तिच्या आधीची ७४० (१९५५ ची) हिला हेच सगळं लागू. विंचेस्टर १००, ब्राउनिंग बार (BAR) वगैरेंवर जाणकारांनी खाली भर घालावी.

७४२ ची दुखणी दोन जातींची. एक साफसफाई, स्प्रिंग, मॅगझिन, काडतूस यांची. ती बरी होतात. दुसरी रिसीव्हरच्या, म्हणजे नळी मागून बंद करणारा बोल्ट ज्यात मागेपुढे धावतो त्या पेटीच्या, आतल्या रुळांची. ती बरी होत नाहीत. पंचाईत अशी की लक्षणं दोन्हींची सारखीच दिसतात: पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच) अडकते, दुसरं काडतूस चढत नाही, बोल्ट वाटेतच थांबतो. लोक आधी स्प्रिंग बदलतात, मग मॅगझिन बदलतात, मग महागडी काडतुसं आणतात आणि सगळं झाल्यावर टॉर्च घेऊन आत बघतात. टॉर्च आधी.

रूळ का खराब होतात ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या लाकडी पकडीच्या, आत नळीला खालून एक बारीक भोक आहे. गोळी त्याच्यापुढे गेली की थोडा गॅस नोझलमधून एका जड नळकांड्यावर आदळतो, ते मागे उसळतं आणि पट्ट्यांमार्फत बोल्टच्या कॅरियरला (बोल्टला वाहून नेणाऱ्या तुकड्याला) ढकलतं. कॅरियर मागे सरताना बोल्टचं डोकं फिरवतो, लग (बोल्टला कुलूप लावणारे उंचवटे) सुटतात, पुंगळी ओढली जाते, बाहेर फेकली जाते, मग स्प्रिंग सगळं पुढे आणते.

आता ७४२ च्या बोल्टवर दोन-तीन दणकट लग नाहीत. तोफेच्या ब्रीचसारख्या लहान लहान दात्यांच्या रांगा आहेत. बंद झाल्यावर पकड उत्तम, नेमही चांगला लागतो. पण बोल्ट मागेपुढे धावत असताना त्याला फिरायची ओढ असतेच, आणि त्याला फिरू देत नाहीत ते रिसीव्हरचे रूळ. म्हणजे एकीकडे कडक पोलादाचे धारदार कोपऱ्यांचे दाते, दुसरीकडे त्यांच्यापेक्षा मऊ रूळ. प्रत्येक गोळीला दाते रुळावर ठोके घालतात. आधी नुसत्या रेघा, मग खळगे, मग करवतीच्या पात्यासारखी ओळ. शेवटी एखादा दाता खळग्यात रुततो आणि बोल्ट जागच्या जागी बसतो. हाताने ओढूनही हलत नाही.

बोल्ट जितका जोरात मागे येईल तितका ठोका मोठा. थकलेली स्प्रिंग, कोरडे रूळ, तापट म्हणजे जास्त दाबाचं काडतूस, या तिन्ही गोष्टी त्यात भर घालतात.

नवशिक्या_नेमबाज

छान धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). नेमका प्रश्न विचारतो. ७४२, थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६), बहुधा सत्तरीच्या सुरुवातीची. पहिली गोळी नीट सुटते. पुंगळी कधी बाहेर पडते, कधी चेंबरमध्येच (नळीच्या काडतूस बसायच्या मागच्या भागात) राहते. राहते तेव्हा तिच्या कडेचा लचका तुटलेला असतो. दोनदा बोल्ट अर्ध्या वाटेत अडला. ही पहिली जात की दुसरी?

पाना_पकड

लचका तुटलेली कड बघता निदान अर्धं दुखणं पहिल्या जातीचं. बाकीचं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. असं करा.

मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. खोलीत एकही काडतूस नको. बोल्ट मागे धरून ठेवायला दुसरा माणूस घ्या, किंवा इजेक्शन पोर्टमध्ये (पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीत) लाकडाचा गोल तुकडा अडकवा. बोटं मध्ये घालून बोल्ट सुटला तर नख जाईल.

आता छोटा टॉर्च तिरपा धरा. सरळ प्रकाशात खळगे दिसत नाहीत, तिरप्यात सावली पडते. इजेक्शन पोर्टमधून समोरची म्हणजे डावी आतली भिंत बघा, आणि विशेषतः नळी जिथे सुरू होते तिच्या लगेच मागचा भाग. बोल्ट सुटतो तो तिथे, म्हणून मार तिथेच जास्त. नुसती चकाकी असेल तर ती वापराची. समान अंतरावर आडव्या खुणा दिसल्या तर लाकडी टूथपिक रुळावरून हळू फिरवा. टोक सरकत गेलं तर ठीक. टक्-टक् करत अडलं तर खळगे आहेत.

मग मॅगझिन न लावता बोल्ट हाताने अगदी सावकाश मागे घ्या आणि सावकाश पुढे सोडा. चांगल्या रायफलीत स्प्रिंगचा दाब एकसारखा लागतो. वाईट रायफलीत वाळू चावल्यासारखं जाणवतं, तेही ठरावीक जागीच.

काडतूसकाका

पुंगळीच्या कडेबद्दल. ७४२ चा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा भाग) म्हणजे बोल्टच्या तोंडाच्या रिंगणात आत बसवलेली पोलादी पट्टीची पातळ कडी. नवी असताना काम चोख करते, पण तिचा पंजा बारीक आहे. पुंगळी चेंबरला चिकटली की बोल्ट गॅसच्या जोराने मागे निघतो आणि तो बारीक पंजा पितळेचा लचका घेऊन येतो. लोक लगेच नवा एक्स्ट्रॅक्टर मागवतात. अहो, तो बिचारा आपलं काम करतोय. पुंगळी का चिकटली ते बघा.

कारण बहुतेक वेळा चेंबर. बोल्ट-ॲक्शन रायफलीत मागून सळई घालता येते, चेंबर आपसूक पुसलं जातं. ७४२ मध्ये नळी उतरवल्याशिवाय मागून वाटच नाही. म्हणून लोक तोंडाकडून सळई घालून नळी चकचकीत करतात आणि चेंबर पन्नास वर्षं तसंच राहतं. ओला हंगाम, रायफल कपाटात, आत गंजाचे बारीक ठिपके. बार उडताना पितळ फुगून त्या ठिपक्यांत बसतं आणि सुटत नाही.

तपास सोपा आहे. उडवलेली पुंगळी भिंगाखाली धरा. अंगावर उभ्या रेघा असतील तर चेंबरमध्ये कचरा किंवा ओरखडे. पुरळ उठल्यासारखे उंचवटे असतील तर गंजाचे खड्डे. मागच्या बाजूला, कडेच्या थोडं पुढे, गोल चमकदार पट्टा दिसत असेल तर थांबा. पुंगळी तिथे ताणली जाते आहे. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गो आणि नो-गो गेजने (मापाच्या साच्यांनी) बंदूकवाल्याकडून मोजून घ्या, त्याआधी एकही बार नाही.

भिंग

काका, चेंबर साफ करण्याची पद्धतही लिहा ना. लोक ड्रिल लावून मोकळे होतात.

काडतूसकाका

लिहितो. रोजची सफाई आणि पॉलिश या दोन वेगळ्या गोष्टी.

रोजची: .३०-०६ साठीचा चेंबर ब्रश, तो नळीच्या ब्रशपेक्षा जाड असतो, लवचीक केबलच्या दांड्यावर चढवायचा. सॉल्व्हंट लावून इजेक्शन पोर्टमधून घालायचा, दहा-बारा वेळा एकाच दिशेने फिरवायचा. मग ब्रशवर कापडाची पट्टी गुंडाळून कोरडं करायचं. चेंबर कोरडंच ठेवायचं. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा मार बोल्टवर येतो. साठवणीसाठी तेल लावलं तर बार टाकण्याआधी पुसा.

नळी तोंडाकडून साफ करताना सळईला पितळी गाइड लावा, नाहीतर तोंडाची कड झिजून नेम जातो. रायफल तोंड खाली करून धरा, म्हणजे घाण सॉल्व्हंट बोल्टमध्ये उतरत नाही. रिसीव्हरमध्ये खाली एक फडकं कोंबून ठेवा.

पॉलिश: हे नळी उतरवूनच. ७४२ ची नळी रिसीव्हरला एका नटाने घट्ट धरलेली असते, त्याला खास पाना लागतो. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, मग तो कोणाच्याच बापाला सुटत नाही. नळी हातात आल्यावर ब्रशवर चार शून्यांची स्टील वूल गुंडाळा, तेल घाला, हाताने काही फेरे. पुसा, बघा, गरज पडली तर पुन्हा. ठिपके पूर्ण जाईपर्यंत घासायचं नाही. चेंबर मोठं झालं तर नळी भंगारात. कडा बोथट झाल्या, पुंगळी सुटायला लागली, काम झालं.

कोकणी_कोल्हा

गॅसचं नोझल विसरू नका. फोरएंडचा पुढचा स्क्रू काढला की फोरएंड पुढे निघतो, खाली नळकांडं, स्प्रिंग आणि नोझल दिसतं. नोझलवर काजळीचा खडे झालेला थर असेल तर नळकांडं त्यावर नीट बसत नाही, गॅस बाजूने निसटतो आणि बोल्ट अर्धाच मागे येतो. पुंगळी बाहेर पडते न पडते, पुढचं काडतूस उचललं जात नाही.

काजळी पितळी ब्रशने आणि सॉल्व्हंटने काढा. तासभर भिजत ठेवा, घाई नको. भोकात ड्रिलचं पातं किंवा पोलादी सुई घालू नका. भोक केसभर वाढलं तरी गॅस जास्त येतो, बोल्ट जास्त जोरात मागे येतो, आणि मग वर पाना_पकड यांनी लिहिलेली रुळांची कथा दुप्पट वेगाने घडते. नोझल आणि नळकांड्याचं तोंड कोरडंच ठेवायचं. तिथे तेल घातलं की जळून पुन्हा काजळीच होते.

भिंग

तेल कुठे घालायचं यावरच लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं. रुळांना पातळ तेलाचा हात, बोल्टच्या दात्यांना पुसट, कॅरियरच्या कॅमच्या खाचेला एक थेंब, स्प्रिंगच्या नळीवर पुसून घेतलेलं. बस. घराघरांतून या रायफलींना दरवर्षी वरून तेल ओतलेलं असतं. ते वाळून लाखेसारखं पिवळं-तपकिरी झालेलं असतं. तो थर नवीन तेलाने विरघळत नाही, मिनरल स्पिरिटने धुवावा लागतो.

इजेक्टरही (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) याच चिकट्यात मरतो. तो बोल्टच्या तोंडातला स्प्रिंगवरचा छोटा दट्ट्या आहे. लाकडी काडीने दाबून बघा. झटकन वर यायला हवा. रेंगाळला तर आत पितळेचा भुसा आणि तेल.

ग्रेट_लेक्स_गण्या

थंडीचा मुद्दा. मिशिगन, मिनेसोटात नोव्हेंबरात शून्याच्या खाली पारा गेला की जाड तेल मधासारखं होतं. रायफल घरात चालते, रानात अर्धवट चालते. तिथे सिंथेटिक पातळ तेल किंवा जवळजवळ कोरडी. आणि थंडीतून रायफल उबदार घरात आणली की बाष्प धरतं, तेही आतून. चेंबरचा गंज इथूनच सुरू होतो. केसमध्ये बंद करून आणा, तासा-दोन तासांनी उघडा, मग पुसा.

आणखी एक. मिशिगनमध्ये सेमी-ऑटोने शिकार करताना मॅगझिन आणि चेंबर मिळून सहापेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. ७४२ चं कंपनीचं मॅगझिन चारचं, म्हणजे चार अधिक एक, नियमात बसतं. बाजारात दहाची मिळतात ती घेऊ नका. नियमाचं राहू द्या, ती चालतच नाहीत. ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पातळ पत्र्याचे, काडतुसाचं नाक कधी वर कधी खाली.

नवशिक्या_नेमबाज

मॅगझिनवरून आठवलं. खरं मॅगझिन कसं ओळखायचं आणि ते बिघडलंय हे कसं कळणार?

ग्रेट_लेक्स_गण्या

कंपनीच्याला सांधे सफाईदार आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी) दाबला तर तिरका होत नाही. तपासायला दोन डमी काडतुसं भरा, मॅगझिन उलटसुलट हलवा, ती सैल पडता कामा नयेत. दोन्ही ओठांमधलं अंतर पुढून मागे एकसारखं आहे का बघा. एक ओठ पसरला असेल तर काडतूस एका बाजूला झुकतं आणि चेंबरच्या कडेला नाक मारतं. पकडीने ओठ वाकवून दुरुस्त करण्याचा मोह होतो. एकदा जमतं, दुसऱ्यांदा पत्रा चिरतो. जुनं खरं मॅगझिन शोधा.

आणि काडतूस चढत नसेल तर आधी दुसरं मॅगझिन लावून बघा. सगळ्यात स्वस्त तपास हाच.

तळेगावचा_टोणगा

सगळे मिळून ७४२ ला फारच झोडपताय. शिकारी माणूस हंगामात किती गोळ्या उडवतो? नेम तपासायला चार-पाच, हरणावर एक-दोन. वीसचा डबा दोन-तीन वर्षं पुरतो. अशा रायफली अजून ठणठणीत आहेत आणि त्या विकायला येत नाहीत, म्हणून कोणाला दिसत नाहीत. विकायला येते ती अडकणारी.

पाना_पकड

हे मान्य आहे, आणि महत्त्वाचंही आहे. ती शिकारीची रायफल म्हणून बनली, रेंजवर दुपारभर दोनशे गोळ्या उडवायला नाही. ज्यांनी तसं केलं त्यांचे रूळ गेले. म्हणून घेताना वय विचारू नका, किती उडवली ते विचारा, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता टॉर्च लावा.

तिची पंप बहीण ७६० गेममास्टर बघा. नातं जवळचं, बोल्टची जात तीच, पण हाताने मागे ओढायची. हाताचा वेग गॅसइतका नसतो, त्यामुळे तिचे रूळ टिकतात. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटोने हरीण मारायला परवानगी नाही, तिथे ७६० घरोघर आहे. टिकाऊ जुनी रायफलच हवी असेल तर मला विचाराल तर ७६० घ्या. ७४२ नंतर आलेल्या ७४०० मध्ये कंपनीने लहान दात्यांच्या रांगा काढून चार मोठे लग दिले. त्यातून काय ते समजा.

काडतूसकाका

काडतुसांबद्दल. कारखान्याची १५० ते १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी काडतुसं या रायफलीला मानवतात. २२० ग्रेन नको, आणि डब्यावर जास्त वेगाची जाहिरात असलेली तापट काडतुसंही नकोत. जड गोळीमागे बहुधा मंद जळणारी दारू असते. गोळी गॅसच्या भोकाशी पोचते तेव्हाही नळीत दाब जास्त उरलेला असतो आणि तो सगळा बोल्टवर निघतो.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी:

पुंगळी पूर्ण साइझ करा (साच्यात दाबून मापावर आणा), आणि त्यासाठी स्मॉल-बेस डाय, म्हणजे बूडही बारीक करणारा साचा वापरा. बोल्ट-ॲक्शनमध्ये हाताने जोर लावून काडतूस आत दाबता येतं. इथे फक्त स्प्रिंग आहे. पुंगळी बुडाशी जाड राहिली तर बोल्ट पूर्ण बंद होत नाही. पुंगळीचा खांदा (मानेकडचा उतार) उडवलेल्या मापापेक्षा ०.००३ ते ०.००४ इंच मागे. लांबी २.४९४ इंचापलीकडे गेली की कापून २.४८४ वर आणा. प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) बुडाच्या पातळीच्या किंचित आत, बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये. दारू मध्यम वेगाची, आयएमआर ४८९५ किंवा ४०६४ च्या जातीची. जुन्या गॅरंड लष्करी रायफलीसाठीही हीच वापरतात, कारण तेच. प्रमाण पुस्तकातल्या खालच्या टोकापासून सुरू करा. पुंगळी व्यवस्थित फेकली जाऊ लागली की तिथेच थांबा. ७४२ मधून जास्तीचा वेग काढून काही मिळत नाही.

कोकणी_कोल्हा

विंचेस्टर १०० चं कोणी लिहिलं नाही, आणि हे लिहिणं सगळ्यात गरजेचं आहे.

१९६१ ते १९७३ मधली ही रायफल, .३०८, .२४३ आणि .२८४ मध्ये. दिसायला देखणी, ॲक्शन गुळगुळीत. पण तिची मूळ फायरिंग पिन तुटू शकते, आणि तुटलेला तुकडा पुढे आलेल्या स्थितीत अडकून राहू शकतो. मग बोल्ट पुढे येताना, लग अजून पूर्ण लागलेही नसताना, पिन प्रायमरवर आपटते. चाप न ओढता बार, तोही कुलूप न लागलेल्या बोल्टवर. यासाठी १९९० मध्ये विंचेस्टरने रिकॉल काढला आणि सगळ्या १०० च्या पिना बदलण्याची घोषणा केली.

घेताना पिन बदलल्याची पावती आहे का विचारा. नसेल तर बंदूकवाल्याकडून बोल्ट उघडून पिन बघून घेईपर्यंत त्यात जिवंत काडतूस घालायचं नाही, मॅगझिन भरून "एकदा बघू" तर अजिबात नाही. ७४२ अडकली तर हरीण जातं, १०० बिघडली तर हात जातो.

भिंग

ब्राउनिंग बारबद्दल थोडक्यात. १९६७ ची, बेल्जियममध्ये एफएनने बनवलेली, सात लगचा फिरता बोल्ट. या यादीत सगळ्यात दणकट. तिच्या दोन जुन्या तक्रारी.

एक, बफर. मागेपुढे होणारं वजन ज्यावर येऊन थांबतं तो तुकडा वयाने ठिसूळ होतो, तुकडे पडून आत फिरतात आणि कशाच्याही मध्ये येतात. रायफल चाळीस वर्षांची असेल तर तो बदलूनच टाका, स्वस्त आहे. पिस्टन आणि सिलिंडरवरची काजळी त्याच बैठकीत काढा.

दोन, मिठाचं लाकूड. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला ब्राउनिंगने अक्रोडाचं लाकूड लवकर सुकवायला मिठाचा वापर केला होता. ते मीठ लाकडात राहिलं. दमट हवेत ते पाणी ओढतं आणि लाकडाला टेकलेलं पोलाद आतून खातं. बाहेरून रायफल नवी दिसते. दस्त्याची मागची बटप्लेट काढून स्क्रूंकडे बघा. स्क्रू गंजून फुगले असतील तर संशय पक्का. उघड्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब टाकला तर मीठ असल्यास दुधी पांढरं होतं. त्या लाकडावर इलाज नाही, दस्ता बदलायचा.

तळेगावचा_टोणगा

रूगर ४४ कार्बाइनचं मीही टाकतो एक. १९६१ ते १९८५, .४४ मॅग्नम, झुडपातल्या शिकारीला झकास. तिला नुसत्या शिशाच्या गोळ्या घालू नका. शिसं सोलून गॅसच्या वाटेत बसतं. तांब्याचं जॅकेट असलेल्याच गोळ्या. त्याहून जुनी विंचेस्टर १९०७ असेल तर मागचा फायबरचा बफर बघा, शंभर वर्षांत त्याचा भुगा झालेला असतो आणि बोल्ट थेट रिसीव्हरवर आदळतो.

नवशिक्या_नेमबाज

एक वेगळाच प्रश्न, रागावू नका. एच-१बी वर असलेल्याने ही रायफल घ्यावी का? आणि भारतात नेता येईल का, शेतात डुकरांचा फार त्रास आहे.

ग्रेट_लेक्स_गण्या

केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणं. परवाना संपला की अपवादही संपला. रायफल घरात तशीच आणि परवाना गेल्या हंगामाचा, हे चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम याच्यावर वेगळे, घेण्याआधी वकिलाला विचारा.

भारताचा विचार सोडा. २०१६ च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटो बंदुका पहिल्या म्हणजे निर्बंधित गटात आहेत, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद. डुकरांसाठी वनखात्याकडे अर्ज हाच रस्ता.

नवशिक्या_नेमबाज

कळलं, परवाना चालू आहे. टॉर्च लावून बघितलं. डाव्या भिंतीवर, नळीच्या मागे साधारण पाऊण इंच सोडून, आडव्या खुणा आहेत. सात मोजल्या. टूथपिक पहिल्या चारवर अडतं, पुढच्या तीनवर नाही. बोल्ट सावकाश सोडला तर त्याच जागी थरथरतो पण थांबत नाही. पुंगळ्यांवर पुरळ आहे. नोझल काळं ठिक्कर.

पाना_पकड

उत्तम पाहणी. म्हणजे दोन्ही जाती एकत्र. रूळ सुरू झालेत, संपलेले नाहीत.

आधी बरं होणारं बरं करा. काकांच्या पद्धतीने चेंबर, कोल्ह्याच्या पद्धतीने नोझल, नवी ॲक्शन स्प्रिंग, इजेक्टर धुवा. चापाचा जुडगा काढायचा तर दोन पिना आहेत. आधी रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री, मग घोडा चढवून सेफ्टी लावा, पिना बाहेर ढकला, जुडगा खाली निघतो. बाहेर असताना चाप ओढू नका, घोडा सुटून पत्रा फोडतो.

खळग्यांच्या कडा वर आलेल्या असतील तर बारीक दाण्याच्या निसण्याने तेल लावून फक्त त्या उंच कडा सपाट करा. खळगा भरण्याचा प्रयत्न नको, खोल करण्याचा तर नाहीच. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. उष्णतेने रिसीव्हरचं कडकपण जातं आणि नळी बसते ती जागा वाकते. रिसीव्हर बदलणंही नाही. क्रमांक त्याच्यावरच असतो, म्हणजे कायद्याने तीच रायफल.

हे सगळं करून दहा काडतुसं, १५० ग्रेन, दोन-दोन करून उडवा. प्रत्येक जोडीनंतर टॉर्च. पुंगळीची कड शाबूत आणि थरथर तेवढीच राहिली तर हंगामाला पाच-सहा गोळ्यांपुरती ती चालेल.

नवशिक्या_नेमबाज

आणि खुणा वाढल्या तर?

पाना_पकड

तर गॅस बंद करून घ्या. बंदूकवाला गॅसचा मार्ग बुजवून देतो, मग दर गोळीला बोल्ट हाताने ओढायचा. वेग गेला की ठोके गेले. नेम तोच राहतो, आणि पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी असं रूपांतर नियमात बसतं का ते आधी तिथल्या गेम कमिशनला विचारून घ्या. हाताने ओढतानाही तो त्याच जागी थांबायला लागला तर नळी, दस्ता, खरं मॅगझिन आणि चापाचा जुडगा सुटे विका. त्या सुट्या भागांना ७४२ वाल्यांकडून मागणी असते, रिसीव्हरला नसते.

काडतूसकाका

मॅगझिन विकू नका हो. पुढची घ्याल तिला लागेल.